साठ पावलं

त्यांच्या घरात भाड्याने राहायला येणाऱ्या माणसाला आधी नियम करावे लागत.

मी वकिलीची सनद घेतली तेव्हा यवतमाळच्या बारमध्ये नव्या वकिलाला टेकायला खुर्ची मिळत नव्हती. म्हणून जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी, एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर म्हणून लागले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे पोलीस ठाणं एकच आहे, आणि पुढे जे सांगायचं आहे त्यातली माणसं आता कुठे कुठे बदलून गेली आहेत. खोली शोधत मी ज्या घरी पोचले ते एका निवृत्त बेलिफाचं होतं. बेलिफ म्हणजे कोर्टाचे समन्स आणि नोटिसा लोकांच्या दारात नेऊन देणारा माणूस. सारं गाव त्यांना काकाजी म्हणे. कडुनिंबाखाली खाट टाकून, बनियन आणि पँटवर ते वर्तमानपत्र वाचत बसले होते. मला खोली दाखवली, नळाची वेळ सांगितली आणि म्हणाले, "आता नियम सांगा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तुम्हीच सांगा ना काकाजी. घर तुमचं आहे."

"घर माह्यं हाय म्हनूनच म्या नाई कराचे. राहनाऱ्यानं नियम कराचे. पाळून घ्याचं काम माह्यं. अन् दोघाचं भांडन झालं त निवाडा तो देईन." त्यांनी कुंपणापलीकडे बोट दाखवलं. तिथे शेजारचा टेलर शिलाई मशीनवर बसला होता. त्याने पाय न थांबवता मान हलवली. त्याची ही नेमणूक जुनी असावी.

मी वहीच्या शेवटच्या पानावर पाच-सहा नियम लिहिले. दोन बादल्या पाणी, दहानंतर फाटकाला कुलूप, स्कूटर सावलीत उभी करता येईल, असे काहीबाही. काकाजींनी ते दोनदा वाचले, खाली सही केली, आणि मलाही करायला लावली.

एप्रिलमध्ये त्यातून पहिलं भांडण निघालं. अंगणात सावली फक्त त्या निंबाची, आणि निंबाखाली काकाजींची खाट. मी स्कूटर तिथे लावायला गेले तर ते म्हणाले, सावली म्हंजे भिंतीची सावली. भिंतीची सावली सकाळी नऊलाच निघून जायची. प्रकरण टेलरकडे गेलं. त्याने दोघांचं ऐकून घेतलं, दोघांना चहा पाजला, वहीचं पान उन्हाकडे धरून वाचलं आणि म्हणाला, "लिखेला है सावलीत. कोनसी सावली, वो लिखेला नहीं. बाईकी गाडी झाडके नीचे."

काकाजींनी त्याच संध्याकाळी खाट उचलून भिंतीशी नेली. वऱ्हाडातला उन्हाळा, दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. चार दिवसांनी मलाच कसंतरी झालं. म्हटलं, "काकाजी, तुम्ही जागेवर या. मी गाडी बाहेर लावते."

"निकाल चुकला हाय," ते म्हणाले. "पन निकाल हाय."

"मग मी नियमच बदलते."

"बदल. तो अधिकार तुह्याच हातात हाय. पुढच्या महिन्यापासून लागू होईन, मागल्या तारखेपासून नाई."

एक तारखेपर्यंत ते भिंतीशीच झोपले. काकू, म्हणजे त्यांची बायको, अंगणवाडीतून निवृत्त झालेली, कमी बोलणारी. ती रोज संध्याकाळी त्या भिंतीवर दोन बादल्या पाणी मारायची आणि माझ्याकडे बघायची नाही.

या सगळ्याला मी आधी म्हातारपणाची हौस समजत होते. कोणाच्या हाती वाटीभर भाजी पाठवली तरी ते पोच मागत. बस उशिरा आली तर कंडक्टरला कारण विचारत; कंडक्टर चिडला तर म्हणत, "रागावून नाई राह्यलो बापा, इचारून राह्यलो. इचाराले मनाई हाय का?" पण हळूहळू लक्षात आलं की हा माणूस एकच गोष्ट धरून बसला आहे आणि ती त्याने फार महाग विकत घेतली आहे.

नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी झरी जामणीच्या जंगलातल्या गावांमध्ये सायकलवर काढली होती. कोलाम आदिवासींच्या वस्त्यांना तिकडे पोड म्हणतात. त्या पोडांवर समन्स द्यायला गेलं की लोक कागद पाहून जंगलात पळत. बाकीचे बेलिफ दारावर कागद चिकटवत, दोन पंचांच्या सह्या घेत आणि परत येत. काकाजी तिथेच बसून राहत. तोडकीमोडकी कोलामी शिकले होते. एकदा एक म्हातारी दिवसभर परतली नाही. संध्याकाळी भुकेने आली, तर हे तिच्या ओट्यावर. त्यांनी तिला समजावलं की आजी, तुले पकडून नाई नेत, तू काय पाह्यलं ते फक्त साहेबाले सांगाचं हाय. म्हातारीने मग त्यांना भाकर दिली आणि तारखेला स्वतः चालत कोर्टात आली. "कागद देल्यानं कागद पोचत नाई," ते मला सांगत. "समजला, त पोचला." त्यांचे कागद उशिरा पोचतात म्हणून वरून बोलणी बसत. ती त्यांनी निमूट खाल्ली.

त्यांच्याकडे संविधानाची मराठी प्रत होती. खताच्या पिशवीचं प्लॅस्टिक कापून तिला कव्हर घातलेलं. मला वाटलं, सुरुवातीची उद्देशिका तोंडपाठ म्हणून दाखवतील. ते म्हणाले, "ते आता लग्नाच्या पत्रिकेवर बी छापतात. चांगलं हाय. पन मले मधले पानं आवडतात." मधल्या पानांमध्येही त्यांचा जीव एका शब्दावर होता, 'परंतु'. कोणत्याही कलमाखाली 'परंतु' आला की बोट ठेवून थांबत. "परंतु दिसला का समजाचं, इथं कोनाचं तरी नुकसान होता होता वाचलं."

आणि समासात पेन्सिलीने बारीक नोंदी होत्या. कायद्याच्या विद्यार्थ्याने कराव्या तशा नव्हेत. अस्पृश्यता संपवणाऱ्या कलमाशी दोनच शब्द, 'विहीर. माय.' मी काही विचारलं नाही. माझं घर यवतमाळचं, तीन पिढ्या कचेरीत नोकरी केलेलं. मी बौद्धाच्या घरी खोली घेतली हे कळल्यावर माझ्या आत्याने फोनवर, "दुसरीकडे नव्हती का गं?" एवढंच विचारलं होतं. पुढे आई भेटायला आली तेव्हा तिने पाण्याची बाटली सोबत आणली. दुपारी बाटली संपली. काकू दारात उभी होती, विचारत नव्हती, जातही नव्हती. आई थोडा वेळ पदराने वारा घेत बसली. मग म्हणाली, "माठातलं द्या हो ताई, फ्रिजचं मला बाधतं." काकूने तांब्याभर आणून दिलं आणि आई ते घटाघट प्यायली. काकाजी खाटेवर पेपर वाचत होते. त्या दिवशी त्यांनी कुठलंच कलम सांगितलं नाही.

अटकेबद्दलच्या बाविसाव्या कलमाशी लिहिलं होतं, 'दादा. नऊ दिवस.' ते मात्र मी विचारलं.

दादा म्हणजे त्यांचा मोठा भाऊ. दुसऱ्याच्या वावरात मजुरी करायचा. कोणाच्या तरी शेळ्या गेल्या, संशयावरून दादाला ठाण्यात नेलं. काकाजी तेव्हा याच गावच्या कोर्टात शिपाई होते, लग्नही झालेलं नव्हतं. ठाणं आणि कोर्ट समोरासमोर, मध्ये रस्ता. कलम सांगतं की धरलेल्या माणसाला का धरलं ते सांगा, त्याला वकील भेटू द्या, आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. दादाचं कुठे नावच लिहिलं नाही.

"साहेबाच्या टेबलावर पानी ठेवाचं काम माह्यं," काकाजी म्हणाले. "खिडकीतून ठानं दिसे. रोज पानी ठेवाचो. रोज वाटे, सांगाव. साहेब, माह्या भाऊ समोरच हाय. तोंडात शब्द येऊन राह्यला होता. ग्लास ठेवला, झाकन ठेवलं, बाहेर आलो. नऊ दिवस."

दादा परत आला तेव्हा त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तो शेवटपर्यंत गेला नाही.

"ठान्याच्या पायरीपासून कोर्टाच्या पायरीपर्यंत साठ पावलं हाय. म्या मोजले. माह्या भाऊ ते साठ पावलं कधी चाललाच नाई."

मग म्हणाले, "ज्याच्या हातात काठी हाय त्याच्या हातात कलम नाई द्याचं. ज्याच्या हातात कलम हाय त्याच्या हातात काठी नाई द्याची. अन् दोघाईनं जो कायदा पाळाचा तो तिसऱ्यानंच कराचा, जो पाच वर्षांनी आपल्या दारात हात जोडून येते. ज्यानं हे असं वाटून ठेवलं त्याले मानूस मालूम होता. पन वाटून ठेवलं तरी मधातला रस्ता कोनी तरी पाह्याले लागते न बाई."

तो रस्ता ते पाहत. निवृत्तीच्या दिवशी कोर्टातल्या लोकांनी त्यांना टेबलावरचं घड्याळ दिलं होतं. गावात कोणाला उचलल्याचं कळलं की काकाजी ते घड्याळ पिशवीत घालून ठाण्यासमोर जात. रस्त्याच्या अलीकडे चहाची टपरी होती, तिच्या बाकावर बसत आणि घड्याळ शेजारी ठेवत. घोषणा नाही, अर्ज नाही, भाषण नाही. बहुतेक वेळा माणूस वेळेत कोर्टापुढे जाई. मग हे घड्याळ पिशवीत घालून घरी येत. गाव हसायचं. एक ठाणेदार त्यांना आतून चहा पाठवी. दुसऱ्याने विचारलं, "आरोपी तुमचा कोण लागतो?" हे म्हणाले, "कोनी नाई जी. टाइम पाहून राह्यलो."

मीही मनातून हसत होते. मे महिन्यातल्या त्या रविवारपर्यंत.

रविवार हा तिथला बाजाराचा दिवस. दुपारी साडेबाराच्या सुमारास एक बाई फाटकात आली. तिचा नवरा बाजारात ताडपत्री टाकून प्लॅस्टिकची खेळणी विकायचा. ती माणसं पारधी. त्या समाजावर कागदावरचा गुन्हेगार हा शिक्का पुसून किती वर्षं झाली, तरी गावात काही चोरीला गेलं की पोलीस पहिल्यांदा त्यांच्याच पालाशी जातात. कोणाच्या तरी विहिरीवरची मोटर गेली होती. बारा वाजता दोन शिपायांनी खेळणीवाल्याला बाजारातून उचललं.

"ठान्यात गेलती," ती म्हणाली. "तिथं म्हनते, आमी कोनाले आनलंच नाई."

काकाजी उठले, सदरा घातला, घड्याळ घेतलं. काकूने आतून टोपी आणि ओला पंचा आणून दिला. निघताना ते मला म्हणाले, "वकीलबाई, बजारात जा. कोनकोनं पाह्यलं ते लिहून घे. सही घेन्याच्या आंधी वाचून दाखवजो."

मी आधी माझ्या ज्येष्ठ वकिलांना फोन केला. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "बाई, तुम्ही नव्या आहात. ठाणेदाराशी वाकडं घेऊन तालुक्यात वकिली होत नसते. उद्यापर्यंत सोडतील त्याला."

मी बाजारात गेले. पहिली सही टेलरने केली, तो बटणं घ्यायला आला होता. मग केळीवाली बाई, तिने अंगठा दिला. चिवडेवाल्याने आधी हात झटकले, "आपल्याले त्या भानगडीत नाई पडाचं." पण मी निघाले तसा तो मागून आला, "काय लिहिलं ते वाचा बरं." ऐकून त्यानेही सही केली. सगळे मिळून पाच झाले. मी तो कागद घेऊन ठाण्यात गेले. ठाणेदार नवे होते, माझ्यापेक्षा फार मोठे नसतील. म्हणाले, "मॅडम, इथे कोणालाही अटक नाही."

"तसं लिहून द्या."

"जे झालंच नाही ते काय लिहून देणार?"

मी बाहेर आले. आता कबूल करायला हवं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. बेकायदा डांबलेला माणूस शोधून हजर करा, असा हुकूम मागता येतो. मला ते माहीत होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पण अटक नोंदलेलीच नाही, मी एकटी, हातात पाच सह्यांचा एक कागद. माझी हिंमत झाली नाही. मी काकाजींना म्हटलं, "उद्या सकाळी अर्ज देऊ." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. रागाने नाही. आता कळतं, की ती भीती त्यांच्या ओळखीची होती.

उन्हाने रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं. ते पंचा डोक्यावर घेऊन बसून राहिले. खेळणीवाल्याची बायको थोड्या अंतरावर जमिनीवर. चारच्या सुमारास ठाण्यातले एक वयस्कर जमादार बाहेर आले, बाकाचं एक टोक स्वतः धरलं आणि काकाजींना म्हणाले, "उठा जरा. सावलीत घेऊ." बाक झाडाखाली सरकवला. पाण्याचा तांब्या ठेवला. आणि खाली वाकून, तांब्या नीट ठेवायचं निमित्त करून, हळू आवाजात म्हणाले, "आत हाय. बसून हाय. कोनी हात नाई लावला."

काकाजींनी ते त्या बाईला सांगितलं. ती तोंडाला पदर लावून रडली.

सकाळी सहाला मी चहा घेऊन गेले तेव्हा ते बाकावर ताठ बसलेले होते, डोळे लाल. मी रात्रभर जागून अर्ज लिहिला होता. अकराला कोर्ट भरलं आणि पहिल्यांदा मीच उभी राहिले. माझा आवाज मलाच पातळ वाटत होता.

मॅजिस्ट्रेट चाळिशीतल्या बाई होत्या. अर्ज वाचून त्यांनी विचारलं, "अटक दाखवलेली नाही. मग चोवीस तास तुम्ही कुठून मोजता?"

"बाजारातून नेलं तिथून, मॅडम. काल दुपारी बारा. पाच साक्षीदार आहेत. आणि या कोर्टातले एक निवृत्त बेलिफ काल दुपारी एकपासून ठाण्यासमोर बसून आहेत. त्यांना तो माणूस बाहेर आलेला दिसला नाही."

"कुठे बसले आहेत?"

"समोरच. आपल्या खिडकीतून दिसतील."

न्यायाधीश सहसा कामकाज चालू असताना उठत नाहीत. त्या उठल्या. खिडकीपाशी गेल्या. मला ठाऊक होतं त्यांना काय दिसत असेल. झाडाखाली एक म्हातारा, डोक्यावर पंचा, शेजारी घड्याळ. पलीकडे एक बाई. त्या परत येऊन बसल्या, पेन उघडलं आणि लिहिलं. माणसाला बारा वाजेपर्यंत या कोर्टापुढे हजर करावं.

आताचा बेलिफ, पंचविशीतला मुलगा, तो कागद घेऊन रस्ता ओलांडायला निघाला. मी व्हरांड्यात आले. काकाजींनी त्याला जाताना पाहिलं आणि बाकावरून उठून उभे राहिले. कागद जाईस्तोवर उभेच.

बाराला दहा कमी असताना ठाण्याच्या पायऱ्यांवरून खेळणीवाला खाली उतरला. एका बाजूला ठाणेदार, एका बाजूला जमादार. जीप नव्हती. तिघे चालत येत होते. मी काकाजींकडे पाहिलं तर त्यांचे ओठ हलत होते. रस्ता ओलांडून, फाटकापासून आत, पायरीपर्यंत. माणूस पायरी चढला तेव्हा ते हळूच खाली बसले.

ठाणेदार म्हणाले की त्याला फक्त विचारपूस करायला बोलावलं होतं आणि तो आपखुशीने आला होता. मॅजिस्ट्रेटबाईंनी सरळ खेळणीवाल्याला विचारलं, "तुम्ही स्वतःहून आलात?"

त्याने ठाणेदारांकडे पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या बायकोकडे. "नाई जी. बजारातून नेलं. दुकान तसंच राह्यलं माह्यं."

"मारलं का कोणी?"

"नाई." आणि थोड्या वेळाने, "या खेपेस नाई."

मागच्या बाकावर माझे ज्येष्ठ वकील बसले होते, ते खाली बघत होते. बाईंनी त्याला सोडलं, ठाण्याकडून लेखी खुलासा मागवला, आणि तो निघताना म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर तुमच्या बायकोने थेट इथे यायचं. रविवारी सुद्धा." हे त्या त्याच्याशी बोलल्या, पण मला ते माझ्यासाठीच वाटलं. मोटर पुढे पंधरा दिवसांनी मालकाच्याच मेव्हण्याकडे निघाली.

काकाजी घरी येऊन आडवे झाले ते दोन दिवस तापात होते. ऊन लागलं होतं. काकू कांद्याचा रस त्यांच्या तळपायांना चोळत म्हणाली, "आता पुरे करा." तिसऱ्या दिवशी जमादार साध्या कपड्यांत, टरबूज घेऊन आले. बराच वेळ उन्हाळ्याबद्दल बोलून झाल्यावर म्हणाले, "साहेबानं सांगतलं, मानूस आनल्याबरोबर डायरीत टाइम टाकाचा. इचारपूस असो का काई असो." काकाजींनी टरबूज कापायला सांगितलं.

ते गेल्यावर मी खाटेशी बसले. म्हटलं, "काकाजी, मी रविवारीच जाऊ शकत होते. घाबरले. त्याला एक रात्र उगाच आत काढावी लागली."

ते छताकडे बघत पडून होते. "म्या पानी ठेवून बाहेर आलो होतो," म्हणाले. "पुन्हा आत जाले मले तीस वर्ष लागले, ते बी रस्त्यावरच. तुले एक रात्र लागली. पुढच्या खेपेस तेवढी बी नाई लागनार."

नाही लागली. त्या उन्हाळ्यात मला फार कामं मिळाली नाहीत, ठाणेदारांची नाराजी होतीच. पण पावसाळ्यात बायका येऊ लागल्या. पांढरकवड्याच्या रस्त्यावरच्या ढाब्यांवर कामाला असलेल्या, पोडांवरच्या, पालांवरच्या. काही फी देत, काही शेंगा आणत. काकाजी फाटकापाशी त्यांना बसवून आधी विचारत, "कागद हाय का? कागदावर काय लिहिलं ते समजलं का?" न समजलेला कागद ते स्वतः वाचून दाखवत, सावकाश, प्रत्येक 'परंतु'पाशी थांबत.

तीन वर्षांनी मी सरकारी वकिलाची परीक्षा दिली आणि पास झाले. ही बातमी त्यांना सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. आता मी पोलिसांनी आणलेले खटले चालवणार, सरकारच्या बाजूने उभी राहणार. मला वाटलं, म्हातारा तोंड फिरवील. मी कसंबसं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

"बरं झालं," म्हणाले. "तिकडं बी कोनी पाह्यजे न."

"तुम्हाला राग नाही आला?"

"राग कायले? सरकार काई दुश्मन नाई. सरकारले फक्त एकट्यानं सोडाचं नाई." मग म्हणाले, "एक सांगतो. सरकारचा वकील जिंकाले नाई उभा राह्यत. खरं हाय ते सांगाले उभा राह्यते. जिंकला त ठीक."

माझी नेमणूक दुसऱ्या जिल्ह्यात झाली. पहिला महत्त्वाचा खटला चोरीचा होता. एका ट्रकवरच्या क्लीनरवर आरोप. साक्षी ऐकता ऐकताच माझ्या लक्षात आलं, की जप्तीच्या पंचनाम्यावर सह्या करणारे पंच त्या जागी गेलेच नव्हते. आरोपीच्या वकिलाच्या ते ध्यानात आलं नव्हतं. मी गप्प बसले असते तर चाललं असतं, तपास अधिकारी माझ्याकडे तशाच नजरेने बघत होते. मी उभी राहिले आणि कोर्टाला सांगितलं, की या पंचनाम्यावर सरकार पक्ष विसंबू इच्छित नाही. दुसऱ्या आठवड्यात निकाल लागला. आरोपी सुटला. तपास अधिकाऱ्याने माझ्याशी बोलणं सोडलं, वरिष्ठांनी बोलावून घेतलं, आणि मी संध्याकाळी खोलीवर येऊन कोट न काढता बसून राहिले.

मग काकाजींना फोन लावला. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, कमी ऐकू येतं, काकूने फोन त्यांच्या कानाशी धरला असावा. मी जे झालं ते सगळं सांगितलं.

"मंग? हरली?"

"हरले, काकाजी."

"सरकार हरलं?"

"हो."

"सरकारी कोर्टात, सरकारी पगार घेनाऱ्या साहेबापुढं, सरकारी वकील उभा असून, सरकार एका क्लीनरपुढं हरलं."

"हो."

पलीकडे ते काकूला सांगत होते, "अवं, आपली पोरगी चांगलं काम करून राह्यली." आणि मला म्हणाले, "जेवली का? नसन त जेवून घे. सकाळी पुन्हा कोर्टात जाचं हाय."